थ्री पडत नसेल त्या रात्रीचं काय?

प्रश्न विचारणारा मुलगा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात शूटिंग गार्ड आहे, म्हणजे मुख्यतः बाहेरून शॉट मारणारा खेळाडू. थ्री म्हणजे रेषेबाहेरून घातलेला तीन गुणांचा शॉट. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दर मार्चमध्ये मी अमेरिकेतल्या एनसीएए या कॉलेज स्पर्धेचे सामने बघतो. तिथे सगळे थ्रीवरच जिंकतात असं दिसतं. आमचे सर मात्र रोज सांगतात, आधी बॉल आत घाला, मग बाहेरून मारा. मग थ्री चांगले मारणारा संघच तिथे चॅम्पियन होतो का? आणि मी सरावात नेमकं काय करू?"

मी बावीस वर्षं कॉलेजच्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतोय. एनसीएएची फायनल आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहा-सातच्या सुमारास सुरू होते. त्या दिवशी मी सकाळचा सराव ठेवत नाही, मुलांना घरी बोलावतो आणि आम्ही सगळे मिळून सामना बघतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या बैठकीत दरवर्षी विचारला जातो आणि त्याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

आधी थेट सांगतो. थ्रीशिवाय त्या स्पर्धेत आता कुणी शेवटपर्यंत पोचत नाही. पण थ्रीची टक्केवारी सगळ्यात चांगली म्हणून एखादा संघ चॅम्पियन होतो, असंही नाही. ट्रॉफी बहुतेक वेळा अशा संघाकडे जाते, ज्याला थ्री न पडणारी एक रात्र निभावून नेता येते.

हे कशावरून म्हणतो ते बघ. स्पर्धा ६८ संघांची. सुरुवातीचे चार सामने झाले की ६४ उरतात आणि तिथून सलग सहा सामने जिंकावे लागतात. एकदा हरलात की सामान बांधायचं. साखळी नाही, दुसरी संधी नाही. आता समज, तुझा संघ सामन्याला २५ थ्री मारतो आणि ३५ टक्के घालतो. कॉलेजच्या पातळीवर हा चांगला संघ झाला. सरासरी नऊच्या आसपास थ्री पडतील. पण सरासरी ही सरासरी असते. प्रत्येक शॉट स्वतंत्र धरून गणित केलं, तर दर सहा सामन्यांत साधारण एकदा सहा किंवा त्याहून कमी पडतात आणि पाचातल्या एखाद्या सामन्यात अकरा किंवा जास्त पडतात. सहा आणि अकरा यांत पंधरा गुणांचा फरक. तेच खेळाडू, तेच शॉट, तोच सराव, आणि पंधरा गुण इकडचे तिकडे.

आणि चॅम्पियनला खेळायचे किती सामने? सहा. म्हणजे ती वाईट रात्र येणार, हे जवळजवळ धरूनच चालायचं. ती कधी येते आणि आली की तुमच्या हातात दुसरं काय असतं, प्रश्न एवढाच उरतो.

२०१८चं विलानोव्हा हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. प्रशिक्षक जे राइट यांचा हा विद्यापीठाचा संघ थ्रीचा संघ म्हणूनच लोकांच्या लक्षात आहे. फायनल फोरमध्ये, म्हणजे सेमीफायनलमध्ये, कॅन्ससविरुद्ध त्यांनी १८ थ्री घातले आणि ९५-७९ असा सामना मारला. त्यातले तेरा पहिल्या हाफमध्येच होते. फायनल फोरच्या एका सामन्यातला त्याआधीचा विक्रम होता १३, १९८७मधला. म्हणजे एकतीस वर्षं टिकलेल्या विक्रमाशी त्यांनी वीस मिनिटांत बरोबरी केली. फायनलमध्ये बेंचवरून आलेल्या डाँटे डिव्हिन्चेन्झोने मिशिगनविरुद्ध ३१ गुण काढले आणि ७९-६२ने ट्रॉफी त्यांची झाली.

या दोन सामन्यांच्या क्लिप सगळ्यांनी पाहिल्यात. पण मी मुलांना त्याच्या आधीचा सामना दाखवतो, एलीट एटमधला, म्हणजे शेवटच्या आठ संघांतला, टेक्सस टेकविरुद्धचा. त्या दिवशी विलानोव्हाने २४ थ्री मारले आणि पडले फक्त ४. सीझनभर ज्याच्या जिवावर आले, तेच हातातून गेलं. तरी त्यांनी ७१-५९ने सामना काढला. कसा? रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं, ५१ विरुद्ध ३३. फ्री थ्रो ३५ पैकी २९. शॉट चुकला की आत दोन-दोन जण बोर्डवर जात होते, बॉल परत मिळवत होते, फाउल घेत होते आणि फ्री थ्रोच्या रेषेवर शांतपणे उभे राहून गुण गोळा करत होते. एक आठवड्यानंतरच्या त्या १८ थ्रींपर्यंत पोचता आलं ते या सामन्यामुळे.

आता उलट बाजू. त्याच २०१८च्या स्पर्धेत व्हर्जिनिया सगळ्यात वरचं मानांकन घेऊन आली होती. टोनी बेनेट यांचा संघ, देशातला सगळ्यात कडक डिफेन्स, सीझनमध्ये फक्त दोन पराभव. पहिल्याच फेरीत समोर सोळाव्या, म्हणजे गटातल्या शेवटच्या मानांकनाची यूएमबीसी, मेरीलँडमधलं बाल्टिमोर भागातलं छोटं विद्यापीठ. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर सोळाव्याने पहिल्याला कधीच हरवलं नव्हतं. हाफ टाइमला २१-२१. त्यानंतर यूएमबीसीचे थ्री पडायला लागले आणि थांबलेच नाहीत. शेवट ७४-५४. यूएमबीसी २४ पैकी १२, व्हर्जिनिया २२ पैकी ४. व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता, हेही खरं. पण वीस गुणांची हार एका खेळाडूच्या गैरहजेरीने होत नाही.

इथे प्रशिक्षकाच्या नजरेने एक गोष्ट बघण्यासारखी आहे. व्हर्जिनिया हळू खेळायची. शॉट क्लॉकमधले, म्हणजे एका हल्ल्यासाठी मिळणारे, तीस सेकंद पुरेपूर वापरायचे, सामन्यात मोजकेच हल्ले होऊ द्यायचे. ताकदवान संघाने सामना जितका छोटा केला, तितका नशिबाला वाव जास्त. नाणं दहा वेळा उडवलं तर सात वेळा छापा येऊ शकतो. हजार वेळा उडवलं तर सातशे वेळा येणं अवघड. दुबळ्या संघाच्या हातात थ्री असेल आणि सामन्यात हल्ले कमी असतील, तर त्याला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. म्हणून दरवर्षी पहिल्या दोन दिवसांत जे मोठे संघ पडतात, त्यांच्या स्कोअरशीटवर मी सगळ्यात आधी थ्रीचा रकाना बघतो. २०२३मध्ये परड्यू एफडीयूकडून (फेअरली डिकिन्सन विद्यापीठ) ६३-५८ने हरली. मानांकनं पुन्हा पहिलं आणि सोळावं. परड्यूचे थ्री २६ पैकी ५. २०२४मध्ये ओकलंडच्या जॅक गोल्कीने केंटकीविरुद्ध एकट्याने दहा थ्री घातले आणि ८०-७६ने केंटकीला घरी पाठवलं. पण पुढच्याच सामन्यात ओकलंड ओव्हरटाइममध्ये हरली. यूएमबीसीही पुढच्या सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ५०-४३ने हरली. थ्री एका रात्री डोंगर हलवतो. सहा रात्री एकट्याने नाही हलवत.

स्टीफन करीचं नाव तू घेणारच, म्हणून मीच घेतो. २००८मध्ये डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजला त्याने एलीट एटपर्यंत नेलं. गोंझागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. मग कॅन्ससविरुद्ध त्याचे स्वतःचे थ्री १६ पैकी ४ पडले आणि सामना ५९-५७वर अडकला. शेवटच्या हल्ल्यात दोघांनी त्याला घेरलं, त्याने बरोबर पास दिला आणि सहकाऱ्याचा थ्री चुकला. करीसारखा शूटरही त्या एका रात्रीतून सुटला नाही. त्याच कॅन्ससने पुढे फायनलमध्ये मेंफिसविरुद्ध मारिओ चाल्मर्सच्या थ्रीवर सामना बरोबरीत आणला आणि ओव्हरटाइममध्ये ७५-६८ने जिंकला. तो थ्री सगळ्यांना आठवतो. त्याआधी मेंफिसने शेवटच्या मिनिटात फ्री थ्रो घालवले, ते फारसं कुणाला आठवत नाही.

हा तीन गुणांचा शॉट एनसीएएमध्ये देशभर लागू झाला १९८६-८७च्या सीझनमध्ये. तेव्हा रेष होती १९ फूट ९ इंचांवर, म्हणजे जेमतेम सहा मीटर. इंडियानाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांना हा नियम मुळीच पसंत नव्हता. पण त्याच वर्षीच्या फायनलमध्ये त्यांच्याच स्टीव्ह आल्फर्डने १० पैकी ७ थ्री घातले आणि इंडियाना सिरॅक्यूजविरुद्ध ७४-७३, एका गुणाने जिंकली. त्याआधीच्या सामन्यात यूएनएलव्हीने (लास वेगासचं विद्यापीठ) इंडियानाविरुद्ध १३ थ्री घातले होते, त्यातले दहा एकट्या फ्रेडी बँक्सचे. हाच तो एकतीस वर्षांचा विक्रम. आणि तो करूनही यूएनएलव्ही ९७-९३ने हरली! म्हणजे थ्री सामना जिंकून देतो आणि थ्री एकटा पुरत नाही, या दोन्ही गोष्टी अगदी पहिल्या वर्षीच दिसल्या होत्या. पुढे रेष २००८मध्ये एक फूट मागे गेली आणि २०१९मध्ये पुरुषांसाठी आंतरराष्ट्रीय अंतरावर आली. हे अंतर आपल्या ओळखीचं. रिंगसमोर ६.७५ मीटर, कॉर्नरला ६.६०. आता तू पुण्यात किंवा नागपुरात सरावाला उभा राहतोस ती रेष आणि तिथली रेष एकच आहे.

आता तुझ्या सरांच्या म्हणण्याकडे येतो, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

"आधी आत घाला" याचा अर्थ थ्री मारू नका असा नाही. थ्री कुठून येतो, याबद्दलची ती सूचना आहे. बाहेरच्या बाहेर तीन पास फिरवून, डिफेंडर समोर हात वर करून उभा असताना मारलेला थ्री वेगळा. आणि बॉल आत गेला, डिफेन्स आकसला, आतून बाहेर पास आला, शूटरचे पाय रिंगकडे आणि छाती सरळ, तो थ्री वेगळा. स्कोअरशीटवर दोन्ही एकाच रकान्यात जातात. सरावात मी एक वही ठेवतो. प्रत्येक थ्रीपुढे एक अक्षर: आ म्हणजे आतून आलेला पास, बा म्हणजे बाहेरून बाहेर, ड्रि म्हणजे ड्रिबल करून स्वतः मारलेला. महिनाभराने मुलांसमोर वही उघडतो. आ च्या रांगेतल्या बरोबरच्या खुणा बघितल्या की मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

विलानोव्हाचे गार्ड हे कसं करायचे, ते एकदा स्लो करून बघ. ड्रिबल करत पेंटमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या रंगवलेल्या भागात, घुसायचे आणि ले-अपला उडायचेच नाहीत. दोन्ही पायांवर धपकन थांबायचे. बॉल हनुवटीखाली, कोपर बाहेर. एक फेक, एक पिव्हट, पुन्हा फेक. तोवर तीन डिफेंडर आत ओढले गेलेले असायचे आणि बाहेर कुणीतरी पाय रोवून उभा. उडालेल्या खेळाडूकडे पास द्यायला अर्धा सेकंद असतो. जमिनीवर दोन पाय असलेल्याकडे वेळच वेळ. त्यात त्यांचा सेंटर ओमारी स्पेलमनही थ्री मारायचा, त्यामुळे समोरच्या उंच खेळाडूला रिंग सोडून बाहेर यावं लागायचं आणि आत मोकळं मैदान मिळायचं. त्या १८ थ्रींमागे हे सगळं होतं.

डिफेन्सच्या बाजूने याचं प्रतिबिंब २०२४च्या फायनलमध्ये पडलं. परड्यूकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच, आणि त्याच्याभोवती सीझनभर ४० टक्क्यांच्या आसपास थ्री घालणारे शूटर. बहुतेक संघ ईडीवर दोन माणसं टाकायचे, मग शूटर मोकळे व्हायचे. कनेक्टिकटचे डॅन हर्ली यांनी ठरवलं, ईडीला एकाच खेळाडूने अडवायचं, घालेल तेवढं घालू द्यायचं, पण शूटरपासून एक पाऊलही हलायचं नाही. ईडीने ३७ गुण काढले. आणि परड्यूला पूर्ण सामन्यात थ्री मारायला मिळाले फक्त सात, पडला एक. कनेक्टिकट ७५-६०.

थ्रीची टक्केवारी नीट वाचायची असेल तर हा सामना बघ. केन पोमेरॉय या आकडेतज्ज्ञाने बऱ्याच वर्षांपूर्वी मांडलं होतं, की समोरच्याचे किती टक्के थ्री पडतील यावर डिफेन्सचा ताबा फार कमी असतो, पण त्याला किती थ्री मारू द्यायचे यावर बराच असतो. बॉल एकदा हातातून सुटला की तो रिंगचा आणि त्याचा मामला. सुटण्याआधी काय होतं, ते तुझ्या हातात. म्हणून सामन्यानंतर "आज त्यांचे थ्री लागले" असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, मारले किती आणि त्यातले मोकळे किती?

महिलांच्या स्पर्धेतही हेच. २०२३च्या फायनलमध्ये आयोवाने १४ थ्री घातले, त्यातले आठ एकट्या केटलिन क्लार्कचे, आणि तरी एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) १०२-८५ने हार झाली. एलएसयूच्या मुख्य खेळाडू फाउलमुळे बसल्या होत्या, तेव्हा बेंचवरून आलेल्या जास्मिन कार्सनने पहिल्याच हाफमध्ये २१ गुण काढले. आयोवाच्या डिफेन्सने तिला आधी मोजलंच नव्हतं. बेंचवरच्या मुलींना मी हा सामना आवर्जून दाखवते... असं माझी सहकारी सांगते आणि मला ते पूर्ण पटतं.

पुरुषांची फायनल फोर हल्ली अमेरिकन फुटबॉलच्या प्रचंड स्टेडियममध्ये होते, याचाही विचार कर. रिंगमागे भिंत नाही, लांबवर नुसते लोक. शूटरच्या डोळ्याला अंतराचा अंदाज लागायला वेळ लागतो. २०११मध्ये ह्यूस्टनला ७० हजारांवर प्रेक्षकांसमोर बटलरने ६४ पैकी १२ शॉट घातले, थ्री ३३ पैकी ९. कनेक्टिकटचे थ्री तर ११ पैकी फक्त १ आणि तरी ते ५३-४१ने जिंकले. आत उंची होती, रिबाउंड होते. आपल्याकडे बंद हॉलमध्ये सराव करणारा मुलगा आंतरविद्यापीठ स्पर्धेत उघड्या सिमेंटच्या कोर्टवर उतरतो, मागे आकाश आणि अंगावर वारा, तेव्हा त्याला पहिली दहा मिनिटं अगदी तसंच होतं. अशा ठिकाणी मी मुलांना आदल्या दिवशी दोन्ही रिंगवर वेगवेगळे शॉट मारायला लावतो आणि सामन्याच्या सुरुवातीला दोन ले-अप तरी होऊ देत, मग बाहेरून मारा, असं सांगतो.

आता सरावाचं. उभं राहून, रिबाउंडर बॉल देतोय आणि तू एकाच जागेवरून शंभर थ्री मारतोयस, हे बंद कर. त्या शंभरात ऐंशी पडले तरी सामन्याशी त्याचा संबंध कमी. धावत ये, थांब, बॉल यायच्या आधी पाय तयार, गुडघे वाकलेले, हात छातीसमोर. पास मुद्दाम थोडा खाली, थोडा बाजूला द्यायला सांग, कारण सामन्यात तसेच येतात. कॉर्नरला साइडलाइन आणि थ्रीच्या रेषेमध्ये फक्त ९० सेंटिमीटर जागा असते. तिथे टाच कुठे पडते हे न बघता कळलं पाहिजे, नाहीतर शॉट पडायच्या आधीच बॉल त्यांचा. प्रत्येक दहा थ्रींनंतर, धाप लागलेली असताना, दोन फ्री थ्रो. चारच थ्री पडले त्या रात्री विलानोव्हाला त्याच २९ फ्री थ्रोंनी तारलं.

आणि क्लोजआउट शीक, म्हणजे शूटरकडे धावत जाऊन फाउल न करता त्याचा शॉट अडवणं. गार्ड म्हणून तुझं अर्धं काम थ्री मारण्याचं, अर्धं थ्री न मारू देण्याचं आहे. २०१९च्या सेमीफायनलमध्ये ऑबर्न व्हर्जिनियाविरुद्ध दोन गुणांनी पुढे होती, घड्याळात ०.६ सेकंद. काइल गायने कॉर्नरमधून थ्री मारला, चुकला, पण डिफेंडरचं शरीर त्याच्यावर गेलं होतं. फाउल. गायने तिन्ही फ्री थ्रो घातले, ६३-६२. आदल्या वर्षी सोळाव्या मानांकनाकडून हरलेली तीच व्हर्जिनिया दोन दिवसांनी चॅम्पियन झाली. तिथेही फायनलच्या शेवटच्या सेकंदांत तीन गुणांनी मागे असताना टाय जेरोम आत घुसला, डिफेन्स ओढला आणि बाहेर पास दिला. हंटरने थ्री घातला, ६८-६८, आणि ओव्हरटाइममध्ये ८५-७७. आतून बाहेर. तुझे सर सांगतात तेच.

याच्या शेजारी २०२५ची फायनल ठेव. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३, शेवटचे काही सेकंद. ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प थ्रीच्या रेषेबाहेर बॉल घेऊन उठला. पडला असता तर ट्रॉफी त्यांची. फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन लांबून झेपावत आला, हात पूर्ण वर, पण अंग शार्पच्या बाजूने जाईल असं. शार्प हवेत असताना त्याला कळलं की शॉट ब्लॉक होणार, म्हणून त्याने बॉल खाली सोडला. आता त्याला स्वतःला तो उचलता येत नव्हता, उचलला असता तर ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग. बॉल टप्पे खात राहिला, शार्प त्याच्यापाशी नुसता उभा राहिला आणि फ्लोरिडाच्या खेळाडूने त्यावर झेप टाकली. सामना संपला. पहिल्या हाफमध्ये क्लेटनला एकही गुण मिळाला नव्हता.

ती क्लिप तू पाचदा बघ. पहिल्या वेळी बॉल बघ, पुढच्या चार वेळा फक्त क्लेटनचे पाय: शेवटची दोन पावलं किती छोटी आहेत आणि तो कुठल्या बाजूला उतरतो. मग सरांकडे जा आणि रोज सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, दहा क्लोजआउट मागून घे.